इंटरनेटशिवाय ऐकणारा स्विच: सोलापुरातल्या घरात बनवायचा कसा आणि गुंतवणूकदारापुढे न्यायचा कसा

अप्पांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, त्याला तीन वर्षं झाली. तीस वर्षं यंत्रमागावर चादरी विणलेला माणूस. हात गेला आणि जीभही जड झाली. रात्री उकडायला लागलं की पंखा वाढवायला, अंधारात दिवा लावायला, कुणाला हाक मारायला दरवेळी घरातल्या कुणाला तरी जाग यावी लागते. म्हणून आम्ही बाजारातलं एक बोलतं यंत्र आणलं. त्याला इंटरनेट लागायचं. लाईट गेली की राउटर बंद आणि यंत्र मुकं. लाईट असली तरी अप्पांचे जड शब्द त्याला कळत नसत. ते चार वेळा बोलत, मग गप्प बसत. ते गप्प बसणं मला बघवेना.

त्यातून हा स्विच झाला. आवाज ओळखायचं काम खोलीतल्या छोट्या चिपमध्येच होतं, बाहेर काहीही जात नाही. तुमच्याही घरी असं कुणी असेल किंवा यातून एखादा धंदा उभा करायचा विचार असेल, तर पुढचं वाचून सुरुवात करता येईल. प्रोग्रामिंगची थोडी ओळख हवी. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला जमेल इतकीच.

आधी शब्द, मग सामान

सगळे जण आधी बोर्ड विकत घेतात. मीही तेच केलं होतं. पण यश ठरतं ते शब्दांच्या निवडीवर. यंत्र सतत कान देऊन असतं, त्यामुळे त्याला जागं करणारा एक शब्द लागतो आणि त्यानंतर तीन-चार हुकूम.

जागं करणाऱ्या शब्दात तीन किंवा चार अक्षरं असावीत, स्वर वेगवेगळे असावेत, आणि तो रोजच्या बोलण्यात येणारा नसावा. मी पहिल्यांदा ‘मैना ऐक’ घेतलं. दोन दिवसांत लक्षात आलं, की आमच्याकडे महिन्याला ‘म्हैना’ म्हणतात आणि ‘म्हैना एक झाला’ असं कुणी म्हटलं की यंत्र जागं होतं. ‘सिद्धेश्वर’ हा शब्द सोलापुरात कुणालाही आधी सुचतो, पण ग्रामदैवताचं नाव घरात दिवसातून किती वेळा येतं ते मोजून बघा. शेवटी ‘चांदोबा’ ठरला. त्यातही मेख निघाली. विठोबा, खंडोबा, बिरोबा, म्हसोबा ही सगळी नावं कानाला त्याच वळणाची, आणि पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात. एकादशीला टीव्हीवर दिवसभर अभंग चालू असतात. म्हणून ही नावं ‘हा तो शब्द नव्हे’ या गटात मुद्दाम भरावी लागली. असे फसवे शब्द जितके जास्त शिकवाल, तितकं यंत्र शहाणं होतं.

हुकूम निवडताना एकमेकांशी जुळणारे शब्द टाळा. ‘पंखा’ आणि ‘पाणी’ एकत्र ठेवू नका. आमच्याकडे ‘पंखा’, ‘उजेड’ आणि ‘लवकर या’ असे तीनच आहेत. तिसऱ्याने आतल्या खोलीत घंटी वाजते. ‘पंखा चालू’ आणि ‘पंखा बंद’ असे दोन हुकूम ठेवण्याऐवजी एकाच शब्दाने स्थिती पालटते. जड जिभेला शब्द जितका कमी तितकं बरं.

सामान आणि जोडणी

ईएसपी३२-एस३ हा बोर्ड घ्या. त्यात २४० मेगाहर्ट्झचे दोन कोअर आणि ५१२ केबी रॅम आहे, शिवाय न्यूरल नेटवर्कचे (उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामचे) गुणाकार झपाट्याने करणाऱ्या खास सूचनाही आहेत. मायक्रोफोन आयएनएमपी४४१. त्यासोबत रिले मॉड्यूल (बोर्डाच्या इशाऱ्यावर पंखा-दिव्याची वीज चालू-बंद करणारा स्विच), ५ व्होल्टचा अॅडॉप्टर आणि एक प्लास्टिकचा डबा.

मायक्रोफोनच्या सहा पिना असतात. व्हीडीडी ३.३ व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला. एससीके, डब्ल्यूएस आणि एसडी या तीन बोर्डाच्या मोकळ्या पिनांना. सहावी एल/आर, ती ग्राउंडला जोडायलाच हवी. ती लोंबकळत ठेवली की कधी आवाज येतो, कधी नुसती शून्यं येतात, आणि माणूस दोन दिवस प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो. मायक्रोफोनला आवाज आत जायचं बारीक छिद्र असतं. त्यावर डिंक किंवा सोल्डर जाऊ देऊ नका. वरून पातळ सुती कापडाचा तुकडा लावला की धूळही अडते आणि पंख्याच्या वाऱ्याची घरघरही कमी होते.

रिलेची २३० व्होल्टची बाजू वायरमनकडूनच जोडून घ्या. आणि जुना स्विच काढू नका. यंत्र बिघडलं तर हाताने पंखा लागलाच पाहिजे. श्वासाच्या किंवा औषधाच्या कोणत्याही उपकरणाला हा स्विच जोडू नये.

आवाज गोळा करणं: खरं काम इथे आहे

गूगलने २०१८ साली छोट्या शब्दांचा जो संग्रह खुला केला, त्यात ३५ इंग्रजी शब्दांच्या १,०५,८२९ ध्वनिफिती आहेत, २,६१८ लोकांच्या आवाजात. मराठी ‘उजेड’ त्यात मिळणार नाही. तो आपणच गोळा करायचा, आणि इथे सोलापूर म्हणजे सोन्याची खाण आहे. पूर्व भागात तेलुगू बोलणारी विणकर घरं, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, शहरभर दखनी, आणि मराठी तर आहेच. एकाच गल्लीत ‘चांदोबा’तला च दोन तऱ्हांनी ऐकू येतो. आम्ही तो दंत्य म्हणतो, तर दखनी बोलणारे शेजारी ‘चिमणी’तल्या चसारखा तालव्य म्हणतात. दोन्ही तऱ्हा गोळा केल्या नाहीत, तर अप्पांजवळ बसायला येणाऱ्या शेजारच्या काकांचा हुकूम यंत्र ऐकणारच नाही.

मी हे असं केलं:

१. ज्या मायक्रोफोनवर यंत्र चालणार, त्याच मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण करा. मोबाइलवर घेतलेला आवाज वेगळा असतो. मोबाइल स्वतःच आवाज साफ करतो आणि मग प्रत्यक्षात यंत्र गोंधळतं.

२. सेकंदाला १६,००० नमुने, प्रत्येक १६ बिटचा. एका सेकंदाची फीत ३२,००० बाइटची होते.

३. निदान पन्नास माणसं, प्रत्येक शब्द दहा-दहा वेळा. बायका, मुलं, म्हातारी माणसं, सगळी. एकदा जवळून, एकदा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून.

४. ज्याच्यासाठी यंत्र आहे त्या माणसाचा आवाज सगळ्यांत जास्त. अप्पांच्या प्रत्येक शब्दाच्या मी तीनशे फिती घेतल्या, पण एका बैठकीत वीसच. सकाळी जीभ हलकी असते, जेवणानंतर सुस्त, रात्री दमल्यावर फार जड. पहिल्या आठवड्यात मी फक्त सकाळी मुद्रण केलं, आणि यंत्र रात्री अप्पांना ओळखेना. गरज तर रात्रीचीच होती.

५. शब्दांइतकंच महत्त्व घरातल्या गोंगाटाला. कुकरची शिट्टी, टीव्ही, भांडी, उन्हाळ्यातला कूलर, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतले भोंगे. असा दोन-तीन तासांचा आवाज घ्या. कूलरचा तर सोडूच नका. आमच्याकडे चार महिने तो चोवीस तास चालतो.

ज्यांचा आवाज घ्याल त्यांना तो कशासाठी घेताय ते सांगा आणि लेखी होकार घ्या. लहान मुलांसाठी आईवडिलांचा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा आहे हे खरंच, पण त्याहीपेक्षा, लोकांनी घरात बसवून, चहा पाजून आवाज दिलेला असतो. तो त्यांना न सांगता दुसरीकडे वापरणं बरं नव्हे.

शिकवणं

चिपला लाटेच्या रूपातला आवाज देत नाहीत, त्याचा नकाशा देतात. ३० मिलिसेकंदांचा तुकडा घ्यायचा, त्यात कोणत्या पट्टीचा आवाज किती ते ४० आकड्यांत मांडायचं, २० मिलिसेकंद पुढे सरकायचं आणि पुन्हा तेच. एका सेकंदात असे ४९ तुकडे होतात, म्हणजे १,९६० आकडे. ३२,००० बाइटचा आवाज दोन हजारांच्या आत येतो. हा नकाशा जवळजवळ चित्रासारखा असतो, म्हणून चित्रं ओळखणारं छोटं न्यूरल नेटवर्क इथे चालतं.

शिकवण्यासाठी एज इम्पल्स हे संकेतस्थळ नवख्यांना सोपं पडतं. फिती चढवा, नावं द्या, बाकीचं ते करतं. हाताने करायचं असेल तर गूगलचं टेन्सरफ्लो हे सॉफ्टवेअर. दोन्हीकडे तीन गोष्टी सांभाळा.

तपासणीसाठी फिती बाजूला काढताना माणूस अख्खा बाजूला काढा. एकाच माणसाच्या काही फिती शिकवायला आणि काही तपासायला ठेवल्या, तर निकाल खोटा चांगला येतो. यंत्राला आवाज ओळखीचा झालेला असतो, शब्द कळलेला असतोच असं नाही.

फितींमध्ये गोंगाट मिसळा, कधी कमी, कधी शब्दाइतकाच. शब्द सेकंदाच्या मध्यावरच येईल असं नाही, म्हणून तो थोडा पुढेमागे सरकवूनही शिकवा.

शेवटी मॉडेलचे, म्हणजे शिकून तयार झालेल्या नेटवर्कचे, आकडे ३२ बिटवरून ८ बिटवर आणा. आकार चौपट कमी होतो, वेग वाढतो, आणि अचूकता फारशी ढळत नाही. अशा कामाचं मॉडेल वीस-पन्नास केबींत मावतं. मोबाइलवरचा एखादा फोटो त्याहून कितीतरी मोठा असतो.

९९.९ टक्के अचूक म्हणजे किती?

मॉडेल तयार झालं की स्क्रीनवर मोठा आकडा दिसतो आणि जीव सुखावतो. इथे थांबून हिशेब करा. यंत्र सेकंदाला पाच वेळा निर्णय घेतं: शब्द होता की नव्हता. दिवसाचे निर्णय ४,३२,०००. ‘नव्हता’ हे ९९.९ टक्के वेळा बरोबर सांगितलं, तरी दिवसात ४३२ वेळा ते उगाच जागं होईल. पंखा रात्रभर चालू-बंद होत राहील.

म्हणून एका निर्णयावर विश्वास ठेवायचा नाही. लागोपाठ तीन वेळा तोच शब्द, तोही ठरवलेल्या खात्रीच्या वर, आला तरच जागं व्हायचं. आणि जागं झाल्यावर तीन सेकंदांत हुकूम आला नाही तर पुन्हा झोपायचं. खात्रीचा आकडा, म्हणजे थ्रेशोल्ड, टेबलावर बसून ठरत नाही. रिले न जोडता यंत्र खोलीत चोवीस तास ठेवा आणि दोन आकडे वहीत लिहा: दिवसात उगाच किती वेळा जागं झालं, आणि शंभर खऱ्या हाकांपैकी किती चुकल्या. एक कमी केला की दुसरा वाढतो. पंख्यासाठी एखादी हाक चुकली तर माणूस पुन्हा बोलेल. ‘लवकर या’ची हाक चुकता कामा नये, मग रात्री एखादी खोटी घंटी झाली तरी चालेल. म्हणून आमच्याकडे त्या एका हुकमाचा थ्रेशोल्ड मुद्दाम खाली ठेवला आहे.

कारखान्यात हे चालेल का, असं मला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ओळखीच्या लोकांनी विचारलं. चालत्या मागाच्या शेडमध्ये माझं उत्तर नाही असंच आहे. तिथला खडखडाट ९० डेसिबलच्या सहज वर जातो, आणि एक मीटरवरून बोलणं ६० च्या आसपास असतं. अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल वाढतात. मायक्रोफोन ओठांपासून पाच-सहा सेंटिमीटरवर आणला तरी शब्द गोंगाटाच्या खालीच राहतो. घडी-पॅकिंगच्या खोलीत किंवा गोदामात मात्र हात गुंतलेल्या माणसाला बोलून नग मोजता आले तर मोठा उपयोग आहे. तिथे करून बघा.

वीज: बॅटरीवर घ्यायचं असेल तर

भिंतीवरच्या यंत्राला विजेची चिंता नाही. अर्धा वॉट धरला तरी वर्षाला साडेचार युनिटांच्या आत. पण अप्पा व्हरांड्यात बसले की हाक मारायचं बटण गळ्यात हवं, आणि तिथे सगळा खेळ मिलिअँपिअरचा होतो.

२,५०० मिलिअँपिअर-तासांचा एक सेल घ्या. सरासरी ५० मिलिअँपिअर खर्च असेल तर ५० तास, म्हणजे दर दोन दिवसांनी चार्जिंग. कोर्टेक्स-एम४ जातीच्या लहान, कमी विजेच्या चिपवर सरासरी ५ पर्यंत आणता आली तर ५०० तास, वीस दिवस. आधी मल्टिमीटर लावून आपला आकडा मोजा; डेटाशीटवरचा आकडा तुमच्या प्रोग्रामचा नसतो. वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवा. खोली शांत असताना मॉडेल चालवूच नका. आधी नुसता आवाजाचा जोर बघायचा, तो वाढला तर नकाशा काढायचा, मगच नेटवर्क. घरातली रात्र बहुतेक शांत असते, त्यामुळे बचत मोठी होते.

याच कामासाठी बनवलेल्या खास चिपा दीडशे मायक्रोवॉटच्या आसपास विजेत जागं करणारा शब्द ऐकत राहतात. हे वाचून मी हरखून गेलो होतो. मग मायक्रोफोनचा हिशेब केला. आयएनएमपी४४१ एकटाच दोन मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे ३.३ व्होल्टवर सहा-सात मिलिवॉट, त्या चिपेच्या तीसपटीहून जास्त. चिप कितीही काटकसरी आणली तरी कान उधळा असेल तर उपयोग नाही.

गुंतवणूकदार इथे का बघतात

हा मायक्रोफोनचा हिशेब कळला की बाजारातल्या हालचालीही कळायला लागतात. कॅलिफोर्नियातली सिंटियंट ही २०१७ ची कंपनी अशाच कमी विजेच्या चिपा बनवते. तिच्यात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉन यांच्या गुंतवणूक शाखांनी पैसे घातले. पुढे या चिप कंपनीने नोल्स या कंपनीचा ग्राहक उपकरणांसाठीच्या मायक्रोफोनचा धंदाच विकत घेतला, २०२४ मध्ये, १५ कोटी डॉलरला. कान आणि मेंदू एकत्र बनवल्याशिवाय वीज वाचत नाही, हेच त्यातलं गणित असावं असं मला वाटतं.

त्याआधी २०१९ मध्ये स्पीकर बनवणाऱ्या सोनोसने पॅरिसची स्निप्स ही कंपनी घेतली, तीही इंटरनेटशिवाय बोलणं ओळखणारी. २०२० च्या जानेवारीत अॅपलने उपकरणातच एआय चालवणारी एक्सनॉर घेतली. २०२३ मध्ये इन्फिनिऑन या चिप कंपनीने छोट्या चिपांसाठी मॉडेल बनवणारी इमॅजिमॉब, आणि २०२५ मध्ये क्वालकॉम या दुसऱ्या चिप कंपनीने एज इम्पल्स, म्हणजे वर शिकवण्यासाठी सांगितलेलं तेच संकेतस्थळ. चिप बनवणाऱ्यांना सॉफ्टवेअर हवं आहे आणि उपकरण बनवणाऱ्यांना सर्व्हरचं भाडं टाळायचं आहे. शिवाय घरातलं बोलणं बाहेर जात नाही, हे ग्राहकाला पटवायला सोपं जातं.

यात आपली जागा कुठे? चिप आपण बनवणार नाही, आणि मॉडेलची रचना तर सगळ्यांना खुली आहे. आपल्याकडे जे आहे ते दुसऱ्याकडे नाही: होकार घेऊन, त्याच मायक्रोफोनवर, चार भाषांच्या माणसांचे, आणि वारं गेलेल्या जिभेचेही मुद्रित केलेले आवाज. गुंतवणूकदारापुढे हीच ठेव मांडावी.

भेटीला जाण्याआधी एका कागदावर हे तयार ठेवा. चोवीस तासांत यंत्र किती वेळा उगाच जागं झालं, शंभरातल्या चुकलेल्या हाका, सरासरी मिलिअँपिअर, आणि एका नगाचा खर्च: एक बनवताना किती, हजार बनवताना किती. त्याखाली, किती घरांत यंत्र किती आठवडे चाललं आणि कुणी ते काढून ठेवलं. काढून ठेवलेल्यांचं कारण लपवू नका. समोरचा माणूस जाणता असेल तर तो तेच आधी विचारतो. ‘९९ टक्के अचूक’ एवढंच सांगून आलात तर जाणता माणूस दुसरा प्रश्न विचारणार नाही. वहीही सोबत न्या.

सुरुवातीला हिस्सा विकायची घाई करू नये असं माझं मत आहे. पहिले दहा नग स्वतःच्या पैशात होतात. त्यानंतर अनुदानाकडे बघा. स्टार्टअप इंडियाची सीड फंड योजना २०२१ मध्ये ९४५ कोटींच्या तरतुदीने सुरू झाली. तिच्यात नमुना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत रक्कम, तीही मान्यताप्राप्त इन्क्युबेटरमार्फत (नव्या धंद्यांना आधार देणाऱ्या संस्थेमार्फत), अशी रचना होती. अर्ज चालू आहेत का ते संकेतस्थळावर आधी बघून घ्या. ओळखीच्या व्यापाऱ्याकडून भांडवल घेणार असाल, तर २०२४ च्या अर्थसंकल्पात एंजल टॅक्स (नव्या कंपनीला मिळालेल्या भांडवलावर लागणारा कर) रद्द झाला आहे, एवढं तुमच्या सीएला विचारून घ्या. आमच्याकडे सूत आणि चादरींत पैसा घालणारे लोक विश्वासावर, तोंडी शब्दावर पैसे देतात. तरीही कागद करा. आवाजांची मालकी कुणाची, तो पैसे देणारा ते घेऊन जाऊ शकतो का, हे त्यात स्पष्ट असलं पाहिजे. लोकांनी आवाज तुमच्या शब्दावर दिलेले आहेत.

आणि प्रात्यक्षिक दाखवायला जाल तेव्हा त्यांच्या ऑफिसातल्या शांत खोलीत दाखवू नका. त्यांनाच घरी बोलवा, कूलर चालू ठेवा, टीव्ही लावा, वायफाय त्यांच्याच हाताने बंद करायला सांगा. आमच्याकडे पहिल्यांदा असे पाहुणे आले तेव्हा मी तीन वेळा बोलून दाखवलं. ते माना हलवत होते. मग पलंगावरून अप्पाच बोलले, अडखळत, अर्धा शब्द गिळत. पंखा लागला. पाहुण्यांनी हातातला मोबाइल खाली ठेवला आणि ‘यांचा आवाज कसा घेतला ते सांगा,’ असं म्हणून खुर्ची पुढे ओढली.